नळीखालची कोरडी माती

कालेसिता नणंदेच्या घरून परत आली ती थेट पागोळ्यांच्या टाकीपाशी गेली आणि हात धुवायला लागली. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. लिसियाते अंगणात एका जुन्या फ्रिजचं पोट फाडून बसला होता. बायको असे हात धुते म्हणजे कुठेतरी काहीतरी कुजलंय, एवढं संसाराच्या इतक्या वर्षांत त्याला कळत होतं.

"काय झालं?"

"चटई गेली."

"कुठे गेली?"

"जातेय कुठे? आहे तिथेच आहे, वन्संच्या गादीखाली. बुरशीने खाल्लीय. मी टोक धरून उचलायला गेले तर टोकच हातात आलं."

खोटं कशाला सांगा, बायकोचं वाक्य पुरं व्हायच्या आत लिसियातेला कारण कळलं होतं. कळलं म्हणजे नव्याने नाही. माहीतच होतं, फक्त आज ते अंगणात येऊन समोर उभं राहिलं.

आता ही चटई म्हणजे बसायला अंथरतात ती नव्हे; टोंगात लग्नाकार्याला कमरेला गुंडाळतात ती. लिसियातेच्या आईने केवड्याची पाती समुद्रात भिजवली, उन्हात पांढरी केली, नखाने चिरून दोऱ्याएवढी बारीक केली आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरेपर्यंत विणत बसली. हात फिरवला तर कापसावरून फिरवल्यासारखं वाटायचं. मरताना तिने ती मुलीच्या, म्हणजे एसेताच्या, स्वाधीन केली आणि सांगून गेली की पहिली नात लग्नाला उभी राहील तिच्या कमरेला ही बांधायची. पहिली नात म्हणजे लिसियातेची व्हिका. आणि व्हिकाचं लग्न अगदी दारात आलं होतं, कुठली डुकरं कापायची तेसुद्धा ठरलं होतं.

"वन्संना काही बोलले नाही मी," कालेसिता म्हणाली. "माझी काय बिशाद? त्याच म्हणाल्या, अगं, राहू दे, मी बघते. आणि त्या खोलीत किती ओल आहे तुम्हाला कल्पना नाही. भिंतीला हात लावला तर हात ओला. मी तेव्हाच सांगत होते तुम्हाला."

"हो."

"तुमचा तो जोडीदार, पेनी, तोपण सांगत होता."

"हो म्हटलं ना."

कालेसिताने हात पदराला—म्हणजे कमरेच्या फडक्याला—पुसले आणि आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं असं लिसियातेला वाटलं.

राजधानी नुकुआलोफाच्या या टोकाला फ्रिज आणि एसी दुरुस्त करावेत ते लिसियातेनेच. हाताला चांगला, पण तोंडाला त्याहून चांगला. कुणी एसी घ्यायचा म्हटलं की याचं प्रवचन सुरू. "मशीन म्हणजे चप्पल असते बाबांनो. पायाच्या मापाची घ्यावी. मोठी घेतली म्हणून जास्त चाललात असं होत नाही, तोंडावर पडाल." मग किलोवॅट आणि लेबलावरचे तारे. "घोडा ओझं किती ओढतो हे एक, आणि चारा किती खातो हे दुसरं. किलोवॅट म्हणजे मशीन खोलीतली उष्णता किती ओढतं ते. तारे म्हणजे तेवढं ओढायला वीज किती कमी खातं ते. आधी खोली मोजा, मग घोडा निवडा." लोक कंटाळायचे, पण ऐकायचे. त्याने बसवलेलं मशीन कधी कुणाला रडवत नसे. एका घराचं सोडून.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

झालं होतं असं. एसेताचा नवरा गेला, मुलं परदेशी गेली, आणि उन्हाळ्यात तिला रात्रभर डोळा लागेना. लिसियातेने पुरुष कावाच्या मुळीचं पेय पीत बसतात त्या बैठकीत जाहीर केलं की ताईच्या खोलीला मी एसी लावणार. तिथे लातु बसला होता. हा लातु म्हणजे ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असा माणूस. गावातली कुठलीही गोष्ट त्याच्या कानावर घालावी आणि निवांत घरी जावं, सकाळपर्यंत ती चर्चच्या पायरीवर पोचलेली असते. तो कावाची वाटी खाली ठेवत म्हणाला, "बघू तर खरं. लोकांना सांगतोस लहान घ्या, लहान घ्या. बहिणीलाही पाखराएवढंच बसवणार काय रे?"

सगळे हसले. लिसियातेही हसला. पण टोंगात बहीण ही भावाच्या वरची. भावाच्या घरात पहिला घास तिचा, पहिला शब्द तिचा. डुक्कर कापलं तर चांगला भाग तिला जातो, आणि कमी पडलं तर भावाची मान खाली जाते. आता अशा बहिणीला अडीच किलोवॅटचं, एका माणसाने काखेत मारून न्यावं एवढं मशीन द्यायचं? घरी येईपर्यंत लिसियातेचा विचार पक्का झाला होता. त्याने सात किलोवॅटचं घेतलं. दुकानाला किंवा सभागृहाला लावतात ते. तारेही त्यावर बेताचेच होते, पण लांबून तारे कोण मोजतं? ट्रकवर टाकलं, स्वतः खोक्याला धरून मागे उभा राहिला, आणि जवळचा रस्ता सोडून चर्चवरून, बाजारावरून, लातुच्या दारावरून मिरवत नेलं. लोकांनी हात हलवले. यानेही हलवले.

बहिणीच्या झोपायच्या खोलीत भावाने पाऊल टाकायचं नाही, हे तर शेंबडं पोरही जाणतं. म्हणून बाहेरचा पंखा लिसियातेने बसवला आणि आतलं काम त्याच्या जोडीदाराने, पेनीने केलं. पेनी मोजमापाची पट्टी घेऊन आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"दादा, खोली खुराड्याएवढी आहे. हे मशीन इथे पाच मिनिटांत गार करेल आणि बंद पडेल. ओल कधी काढणार?"

"तू लाव."

"अडीचचं पुरून उरेल हो."

"पेनी, बहीण तुझी का माझी?"

पेनीने लावलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, आणि लिसियातेला ते त्याच्याहून जास्त कळत होतं. हवेतली ओल काही हुकमाने निघत नाही. मशीन सावकाश, बराच वेळ चालत राहिलं की आतल्या थंड जाळीवर पाणी जमतं आणि नळीतून टपटप बाहेर पडतं. खोलीपेक्षा मशीन दांडगं असलं की ते उठल्या उठल्या खोली गार करतं आणि काम झालं म्हणून बसतं. पाणी जाळीवरच राहतं, पुन्हा हवेत जातं. परत उठतं, परत बसतं, आणि दर उठण्याला वीज खातं. खोली राहते गार आणि ओली, माशाच्या टोपलीसारखी. अति तिथे माती, दुसरं काय.

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. लिसियातेने ओसरीत उभं राहून बहिणीला सूचना दिल्या. "ताई, खिडक्या घट्ट बंद ठेव. फट राहिली की वीज वाया गेली. आणि आईची चटई आता सारखी उन्हात नेऊ नकोस. कंबर दुखते तुझी. गारव्यात वस्तू टिकते." आईच्या वेळेपासून ती चटई ऊन पडलं की बाहेर निघायची, दोरीवर पसरायची, संध्याकाळी परत गादीखाली जायची. एसेताने मान डोलावली आणि त्या दिवसापासून चटई गादीखालून हलली नाही. भावाचा धंदाच तो, त्याला कळणार नाही तर कोणाला?

आणि यातलं सगळ्यात वाईट अजून पुढेच आहे. लिसियाते खोलीत जाऊ शकत नव्हता, पण घरामागे तर जाऊ शकत होता. नळीचं पाणी फुकट का घालवा म्हणून त्याने तिच्याखाली स्वतःच्या हाताने अळू लावलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात तो तिथून गेला तेव्हा माती भेगाळलेली होती आणि अळूची पानं कागदासारखी वाळून पडली होती. इतरांच्या घरी त्या नळीखाली बादली भरते. एसी दुरुस्त करणाऱ्याला यापेक्षा जास्त काय सांगायला हवं? लिसियातेने बघितलं. मग आभाळाकडे बघितलं, यंदा पाऊस कमी आहे असं मनाशी म्हणाला आणि घरी आला. त्यानंतर तो घराच्या मागच्या बाजूला गेलाच नाही.

शनिवारी लग्नाच्या बोलणीसाठी सगळे नातेवाईक लिसियातेच्या घरी जमले. एसेता वरच्या जागी बसली. तिच्यासमोर भाऊ खाली, दाराशी. लिसियातेने रात्रीच ठरवलं होतं की आज सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. पण सांगायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची याचाच विचार करत तो बसला, आणि तेवढ्यात एसेता बोलली.

"एक वाईट बातमी आहे. आईची चटई खराब झाली. चूक माझी आहे. मी ती उन्हात घातली नाही. आळस केला, विसरले, काय म्हणायचं ते म्हणा."

कोपऱ्यातल्या मोआलामावशीने, आईच्या धाकट्या बहिणीने, डोळे पुसले. "मी तिच्या शेजारी बसून पाती चिरली होती गं," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "दुसरं काही सांभाळायला दिलं नव्हतं तिने. एवढंच दिलं होतं."

एसेताची मान खाली गेली. लिसियातेने आपल्या ताईची मान खाली गेलेली जन्मात पाहिली नव्हती. शाळेत शिकवायची ती. इन्स्पेक्टरसमोरसुद्धा तिची मान ताठ असायची.

"खोली तरी कोरडी होती ना?" कुणीतरी विचारलं.

"खोली उत्तम आहे," एसेता म्हणाली. "भावाने एवढं मोठं मशीन लावून दिलंय. त्याचा काही दोष नाही."

लिसियाते उठला. म्हणाला, "नाही. ऐका. ती चटई—"

"लिसियाते," एसेता म्हणाली, "बस."

आवाज चढवला नाही तिने. चढवायची गरजच नव्हती. बहिणीने चारचौघांत बस म्हटल्यावर उभा राहणारा भाऊ या बेटावर अजून जन्मायचाय. तो बसला. बसला आणि त्याच क्षणी त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची इतकी किळस आली की पुढचं कुणाचं बोलणं त्याला ऐकूच आलं नाही. व्हिका मात्र दारातून बापाकडे बघत होती. पोरगी पेनीबरोबर कामाला बसून मशीनबद्दल बरंच ऐकून होती.

रविवार चर्च आणि जेवणात गेला. टोंगात रविवारी कामाला हात लावायचा नाही, मासे धरायचे नाहीत, पाना उचलायचा नाही. इतर वेळी हा आराम लिसियातेला आवडायचा. त्या रविवारी त्याला वाटलं, हाताला काम असतं तर बरं होतं. अळूच्या पानातलं मटण त्याच्या पुढ्यात तसंच निवलं. चर्चमधून निघताना मोआलामावशी एसेताला टाळून दुसऱ्या बाजूने गेली, तेही त्याने बघितलं.

सोमवारी सकाळी लातु हजर.

"एक काम होतं," तो फ्रिजवर कोपर टेकून म्हणाला. "माझ्याही बहिणीला एसी लावायचाय. तुझ्या ताईला लावलास ना, तेवढाच. लहान नको हां. परवा एसेता म्हणाली म्हणे की भावाने एवढं मोठं मशीन लावलं. माझी बहीण माझ्याकडे कशी बघतेय तेव्हापासून, विचारू नकोस."

लिसियातेने त्याच्याकडे बघितलं. याला मुकाट हो म्हटलं तर अजून एका घराच्या भिंती ओल्या होणार, अजून कुणाची गादी, कुणाची चटई. आणि मग तिसरा येणार. ताईने त्याला बस म्हटलं होतं, पण धंद्याचं बोलू नकोस असं काही म्हटलं नव्हतं.

"चल," तो म्हणाला. "आधी बघून घे. मग सांग."

दोघं एसेताच्या घरामागे गेले. मशीनचा पंखा घरघरला आणि लगेच थांबला. लिसियातेने नळी दाखवली. "ही बघ. इथून दिवसभर पाणी पडायला हवं. हात लाव मातीला."

लातुने हात लावला. "कोरडी आहे."

"मग ते पाणी कुठे आहे?"

"मला काय माहीत? तू सांग."

लिसियाते खिडकीकडे पाठ करून उभा राहिला, बहिणीशी बोलताना उभं राहावं तसा. "ताई, आहेस का? खिडकी उघड."

आतून एसेताचा आवाज आला. "तूच म्हणालास बंद ठेव म्हणून. वीज वाया जाते."

"हो. मीच म्हणालो. उघड."

काचेच्या पट्ट्या करकरत फिरल्या. किती दिवसांत फिरल्या नव्हत्या, देव जाणे. आणि खोलीतला वास बाहेर आला. ओल्या गादीचा, कुजक्या पानांचा, बंद पेटीचा. लिसियातेने तो पहिल्यांदाच घेतला. त्याची बहीण त्यात झोपत होती. रोज. लातुने नाकाला हात लावला आणि मग लाजून काढला.

"हे मी केलंय," लिसियाते म्हणाला. "खोली मोजली नाही. तू पाखराएवढं म्हणालास ते लागलं मला, म्हणून मोठं आणलं. चटई उन्हात नेऊ नकोस हेही मीच सांगितलं तिला. नळी कोरडी आहे हे पहिल्या वर्षीच बघितलं होतं, आणि तोंड फिरवून गेलो. तिने आळसबिळस काही केलेला नाही. जा, सांग सगळ्यांना."

लातुचं तोंड उघडं राहिलं. एवढी मोठी बातमी आयुष्यात त्याला कुणी आपणहून दिली नव्हती, आणि आता ती नेमकी कुठे ठेवायची ते त्याला कळेना. "मी येतो," असं काहीतरी पुटपुटून तो गेला.

"झालं समाधान?" आतून एसेता म्हणाली.

लिसियाते वळला नाही.

"मला काय कळत नव्हतं? पेनी भिंतीला भोक पाडताना बडबडतच होता. मला पहिल्या महिन्यातच वास आला."

"मग बोलली का नाहीस, ताई?"

"काय बोलणार? ट्रकवर उभा राहून आला होतास तू. गावभर हात हलवत. अख्ख्या गल्लीत बायका मला म्हणायच्या, एसेता, तुझ्यासारखा भाऊ नाही. नवरा नाही, मुलं जवळ नाहीत. तेवढं एकच होतं माझ्याकडे सांगायला. चटईला वास लागला हेही कळलं मला. वाटायचं, उद्या काढू उन्हात. पण दोरीवर घातली असती तर लोकांना दिसलं असतं ना, काळे डाग पडलेत म्हणून. मग कुणीतरी विचारलं असतं." ती थोडी थांबली. "आईची चटई गेली ती गेली. तुझं नाव तरी राहू दे म्हटलं. ते तू आज लातुला देऊन टाकलंस."

लिसियातेला रडू आलं. मोठ्या माणसाचं रडणं, आवाज न करता, नाक ओढत. कबूल केलं की ओझं उतरतं असं पाद्री सांगतात. त्याला तर वाटलं, आपण ओझं उचललं आणि बहिणीच्या डोक्यावर ठेवलं.

"आता काय करू?" तो म्हणाला.

"लहान मशीन आण. खोलीच्या मापाचं."

"आजच आणतो."

"आणि ट्रकवरून आण. मागे उभा राहून. मागच्या वेळी ज्या रस्त्याने आणलंस त्याच रस्त्याने."

ते खोकं एवढंसं होतं की ट्रकवर ते दिसेना, लिसियातेच दिसत होता. चर्चवरून, बाजारावरून, लातुच्या दारावरून ट्रक गेला. पेनीने मुद्दामच सावकाश चालवला की रस्ताच तसा होता, कोण जाणे. बातमी ट्रकच्या आधी पोचलेली होती. कुणी हात हलवला नाही. फक्त बाजारापाशी भाजी मांडून बसलेल्या मोआलामावशीने मान वर केली. "एवढंसंच?"

"एवढंसंच, मावशी. तिच्या खोलीला एवढंच लागतं. तेव्हाही एवढंच लागत होतं."

मावशीने टोपलीतली अळूची दोन रोपं उचलून ट्रकमध्ये टाकली. "एसेताला दे," ती म्हणाली. त्याला काहीच म्हणाली नाही.

नव्या मशीनच्या नळीतून त्याच संध्याकाळी पाणी ठिबकायला लागलं. लिसियातेने रोपं लावली आणि माती ओली होईपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिला.

लग्नाच्या दिवशी व्हिकाने दुसरी चटई बांधायला साफ नकार दिला. नवऱ्या मुलाच्या घरच्यांनी चांगल्या दोन आणल्या होत्या, पण पोरगी हटेना. "आजीने माझ्यासाठी विणली ती बांधा, आत्या. राहिलीय तेवढी बांधा." तेव्हा एसेताने ती कुजकी, डागाळलेली चटई स्वतःच्या हाताने व्हिकाच्या कमरेला गुंडाळली. बुरशीने पडलेलं भोक आतल्या बाजूला घेतलं, डाग घडीत लपवले, वरून दोर घट्ट बांधला. बाहेर आल्यावर बायका म्हणाल्या, कुठे खराब झालीय, काही तर दिसत नाही.

खरंच दिसत नव्हतं. व्हिका नाचली, हसली, सगळ्यांना भेटली. पण भोक कुठे आहे ते लिसियातेला माहीत होतं, आणि लग्न लागून जेवणं उठेपर्यंत त्याची नजर तिथून हलली नाही.